काढलेली खरखर

१

तुझे बाबा काय करतात, असं कोणी विचारलं की खारूची पंचाईत व्हायची. गातात? नाही. वाजवतात? तेही नाही. गाणं गाऊन, वाजवून, जोडून सगळं झालं की शेवटचा हात फिरवायला ते बाबांकडे यायचं. याला मास्टरिंग म्हणतात. बाबा मात्र सोपं करून सांगायचे, "फोटो काढायच्या आधी कोणीतरी पुढे होऊन आपली कॉलर सारखी करतं ना, तेवढंच माझं काम. फोटोत मी नसतो. पण कॉलर वाकडी राहिली तर जगाला दिसते."

हे काम घरातच, मागच्या खोलीत चालायचं. खिडकी बुजवलेली, भिंतींना राखाडी स्पंजच्या जाड गाद्या, दाराला आतून अस्तर. दार लावलं की कानांत कापूस कोंबल्यासारखं व्हायचं आणि स्वतःचा आवंढा गिळलेलाही ऐकू यायचा. आई त्या खोलीला बरणी म्हणायची.

"तुमच्या त्या बरणीत माणूस बोंबलून मेलं तरी बाहेर पत्ता लागायचा नाही."

"म्हणून तर तुला आत येऊ देत नाही," बाबा म्हणायचे. "बोंबलायची वेळ माझ्यावर येईल."

खारूला मात्र आत मुभा होती. शाळेतून आली की ती बाबांच्या खुर्चीमागे, डाव्या बाजूला उभी राहायची. काम द्यायला आलेली माणसं कौतुकाने म्हणायची, मुलगी फार लाडकी दिसते, वडिलांना चिकटून असते. त्यांना काय ठाऊक! बाबांच्या कानांनी दगा दिला होता. बारीक, टोकदार आवाज त्यांच्यापर्यंत पोचेनासे झाले होते. एकदा स्वयंपाकघरात केटली शिट्टी मारून मारून दमली आणि बाबा तिच्या शेजारी उभे राहून शांतपणे पेपर वाचत होते. खारूने गॅस बंद केला. बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "कोणालाच नको. शिंप्याचे डोळे गेले म्हटल्यावर त्याच्याकडे कापड कोण टाकेल?"

वर्गात खारूला मुली मुकी म्हणायच्या. गुपित ठेवायला बाबांना तिच्याहून पक्की तिजोरी मिळाली नसती.

तेव्हापासून त्यांची एक खूण ठरली. गाण्यात काही टोचलं की खारू त्यांच्या डाव्या खांद्यावर एक बोट टेकवायची. सगळं जमलं की पूर्ण पंजा ठेवायची. बोट म्हणजे थांबा, पंजा म्हणजे चला पुढे. बाबा मान न वळवता बटण फिरवायचे आणि समोर बसलेला गायक म्हणायचा, "वा, काय कान आहे!"

२

संगीत शिकवणाऱ्या एक बाई जुन्या कॅसेटी घेऊन आल्या. बाई गोल, हसऱ्या, आणि बोलायला लागल्या की श्वास घ्यायला विसरणाऱ्या. कॅसेटींत त्यांच्या आत्याची गाणी होती. आत्या नुकतीच गेली होती.

"जन्मभर कोणासमोर गायली नाही हो. खोलीचं दार लावायची, टेप सुरू करायची आणि गायची. आम्ही दाराला कान लावला तर वरून ओरडा. आता निदान नातेवाइकांना तरी कळू दे की आमच्या घरात काय सोनं होतं."

बाबांनी एक कॅसेट लावली. आधी बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, आणि आई हातातलं काम टाकून बरणीच्या दारात येऊन उभी राहिली. तो आवाज गोड नव्हता. पण एकेक सूर असा लागत होता, जणू तो तिथेच आधीपासून होता आणि आत्याने फक्त त्याच्यावरचं फडकं उचललं.

"एवढी अचूक?" बाबा पुटपुटले. "कोणाकडे शिकल्या?"

"कोणाकडेच नाही," बाई म्हणाल्या. "तीच तर गंमत."

खारूने एक बारीकशी गोष्ट टिपली. मध्येच एखादी ओळ संपली की आत्या थांबायची. मग हळूच, अगदी तोंडातल्या तोंडात म्हणायची, "बरं." आणि तीच ओळ पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदा ती ओळ आधीपेक्षा चांगली व्हायची.

३

खरखर काढायचं काम खारूचं होतं, कारण ते बारीक आवाजाचं काम. रीत अशी की गाणं सुरू व्हायच्या आधीचा, नुसत्या खरखरीचा तुकडा निवडायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हे बघ, याला खरखर म्हणतात. कॉम्प्युटर ते शिकतो आणि सगळ्या गाण्यांतून तेवढंच वेचून काढतो. तांदळातले खडे वेचावेत तसं.

पण त्याच्यापुढे बाबांचा एक नियम होता. काढलेलं ऐकायचं. काय उरलं हे कोणीही ऐकतं, काय काढलं हे आपण ऐकायचं. तसं एक बटण होतं. ते दाबलं की गाणं गप्प व्हायचं आणि फक्त बाजूला काढलेला कचरा ऐकू यायचा. त्या कचऱ्यात गाणाऱ्याचा एखादा श्वास, एखाद्या शब्दाचा शेपटा तर गेला नाही ना, ते तपासायचं आणि मगच पुढे जायचं.

त्या दिवशी खारूला भूमितीचा अभ्यास होता. बाबा बाहेर फोनवर होते. तिने पहिल्या गाण्याच्या आधीचा तुकडा निवडला. तो तिला जरा जास्तच भरीव वाटला, पण जुन्या कॅसेटीचं असंच असतं, असं म्हणून तिने सगळ्या गाण्यांवर ती वेचणी चालवली. काढलेलं ऐकलं नाही.

उरलेलं मात्र अप्रतिम होतं. आत्या जणू समोर येऊन बसली. बाबांनी ऐकलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"खारू, आज तू मला जिंकलंस."

खारू खुशीत दाराशी गेली आणि तिथे थबकली. दार बंद असूनही खोलीत नेहमीसारखं कान बंद झाल्यासारखं वाटत नव्हतं. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी असते आणि माणूस गप्प बसलेल्या खोलीची वेगळी. हे ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नसतो. खोलीत बाबा आहेत, म्हणून असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

पण बाबा तर रोजच असायचे.

४

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा बाबा नुसते फुलले होते.

"आलीस परत? कुठे गेली होतीस मध्येच? ती दुसऱ्या गाण्यातली जागा मला सात जन्मांत सापडली नसती. बरोबर बोट ठेवलंस!"

"बाबा, मी आत्ता येतेय."

"हो का? आणि दप्तर पाठीला अडकवलं की मी फसेन, असं वाटलं?" बाबा हसले. "बापाला बनवतेस काय?"

खारूच्या बुटांचे बंदसुद्धा सुटले नव्हते. आई कामावरून यायची होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

तिने ते दुसरं गाणं ऐकलं. एका शब्दाच्या टोकाला सुईसारखी धार होती, ती आता बोथट केलेली होती. ही धार काल तिच्याही कानाला लागली नव्हती. बाबांना तर ती ऐकू येणंच शक्य नव्हतं.

खांद्याची शीर उडत असेल, तिने विचार केला. एका जागी बसून बसून उडते. शीर उडाली, बाबांना बोट वाटलं, त्यांनी बटण फिरवलं आणि योगायोगाने जमलं. असं होऊ शकतं.

"बाबा, किती वेळा बोट लागलं?"

"अगं, मोजत बसू की काम करू? दिवसभर तर मागे होतीस." मग ते जरा लाडाने म्हणाले, "फक्त हात पुसून येत जा. गार लागतो."

५

आई बाबांना घेऊन बाजारात गेली, तशी खारू बरणीत शिरली. हेडफोन कानावर चढवले आणि आधीच करायला हवं होतं ते केलं. काढलेलं ऐकवणारं बटण दाबलं.

चाळणीतून वाळू चाळल्यासारखी खरखर. आत्याचा आवाज कुठेच नाही. म्हणजे वेचणी ठीक झाली होती. तिला हायसं वाटलं, आणि नेमका तेव्हाच तिला श्वास ऐकू आला.

तो आत्याचा नव्हता. गाणारं माणूस ओळीच्या आधी श्वास घेतं आणि ओळीत खर्च करतं. हा श्वास उलटा होता. ओळ सुरू झाली की अडायचा आणि ओळ संपली की सुटायचा. असा श्वास गाणाऱ्याचा नसतो. ऐकणाऱ्याचा असतो. जीव कानांत आणून ऐकणाऱ्याचा.

शेजारचं कोणी असेल. मांजर असेल. कॅसेटीवर आधी दुसरं काही भरलेलं असेल, त्याचा माग राहिला असेल. खारूने एकेक कारण पुढे ठेवलं आणि एकेक कारण पडलं. कारण तो श्वास सगळ्या गाण्यांत होता, आणि पुढच्या प्रत्येक गाण्यात माइकच्या जास्त जवळ होता. तिने निवडलेला तो भरीव तुकडा म्हणजे खरखर नव्हतीच. आत्याने अजून तोंड उघडलं नव्हतं आणि दुसरं कोणीतरी वाट पाहत होतं. त्यालाच तिने कचरा म्हणून दाखवलं होतं, आणि कॉम्प्युटरने त्याला आत्याच्या गाण्यातून अलगद वेचून बाहेर ठेवलं होतं.

बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला आणि तिने घाईघाईने गाणं बंद केलं.

खरखर थांबली. श्वास थांबला नाही.

हेडफोनमध्ये काही राहिलं असेल म्हणून तिने ते काढून टेबलावर ठेवले. आता श्वास मागून येत होता, डाव्या बाजूने. खारूने मागे पाहिलं नाही. ती खुर्चीतून उजवीकडे सरकली, भिंतीला धरून दारापर्यंत गेली, बाहेर आली आणि स्वयंपाकघरातले सगळे नळ सोडून त्यांच्या मोठ्या आवाजात उभी राहिली.

६

संगीताच्या बाई काम कुठवर आलं ते पाहायला आल्या, तेव्हा खारूने त्यांना पाणी नेऊन दिलं आणि परत जायच्या ऐवजी तिथेच उभी राहिली. अनोळखी माणसाला आपणहून प्रश्न विचारणं तिला कधी जमत नसे. तरी तिने विचारलं.

"आत्या गायच्या तेव्हा खोलीत कोण असायचं?"

"कोणी नाही गं. सांगितलं ना, दार लावून."

"मग शेवटी त्या… बऱ्या होत्या?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. पहिल्यांदाच त्या जरा थांबून बोलल्या. "कान उत्तम होते तिचे, डॉक्टरांनी तपासले. पण हाक मारली तर वळायची नाही. आधी लांबून मारलेली, मग जवळून मारलेली. माझा भाऊ तिचा जीव की प्राण. तो पुढ्यात उभा राहून रडला, तरी हिचं लक्ष भलतीकडेच. असं, खांदा जरा खाली करून बसायची. कोणीतरी सांगत असेल आणि ही ऐकत असेल, तशी." मग त्या एकदम हसल्या. "म्हातारपण, दुसरं काय. तू कशाला एवढीशी होऊन गेलीस?"

बरणीचं दार किलकिलं होतं. आत बाबा काम करत होते.

"बाबा," खारूने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "बाबा, बाई निघाल्या!"

बाबांनी मान वळवली नाही.

७

बाबांचे कान गेले होते ते बारीक आवाजापुरते. खारूची हाक कधी वाया गेली नव्हती. आता घरात भांडं पडलं तरी ते बघत नव्हते. आई वैतागून म्हणायची, "यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान समोर तरी बघते." पण तिला वाटत होतं, माणूस कामात बुडालाय. जेवताना ते घास हातात धरून कुठेतरी ऐकत बसायचे. खारूने ताटाखालून त्यांचा गुडघा हलवला की दचकून तिच्याकडे बघायचे, ओळखायला एक क्षण लागल्यासारखे. तो एक क्षण रोज लांबत होता.

एका संध्याकाळी तिने दाराच्या फटीतून आत पाहिलं. बाबा एकटे होते. गाणं चालू होतं. त्यांचा डावा खांदा हळूहळू खाली दबला, जसा तिने पंजा ठेवल्यावर दबायचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. खुर्चीमागच्या भिंतीवर राखाडी गादीला एक खळगा पडला होता. वर लहान, गोल, खाली रुंद. कोणी पाठ टेकून उभं राहावं तसा. खारू बघत असतानाच स्पंज फुगू लागला, दाबून सोडलेला स्पंज फुगतो तसा, आणि खळगा भरून आला. म्हणजे जे टेकलं होतं ते आता टेकलेलं नव्हतं. ते पुढे सरकलं होतं.

तिने त्या रात्रीच गुपित फोडलं.

"आई, बाबांना ऐकू येत नाही."

"मला काय दगड समजता दोघं?" आई कणीक मळत म्हणाली. "केटली घसा फोडून ओरडत होती, तेव्हाच कळलं मला. म्हटलं, आपणहून सांगतील." मग तिचे हात थांबले. "पण हल्ली जास्तच झालंय, नाही?"

"त्यांना डॉक्टरकडे ने. उद्याच. माझं नाव सांग हवं तर."

बाकीचं तिने सांगितलं नाही. काय सांगणार होती? वेचलेला कचरा घरात फिरतोय?

८

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाबांना दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. बाबा लहान मुलासारखे गेले. बरणीकडे मात्र वळून वळून पाहत होते.

खारूने दार लावलं. शाळेचे कपडे बदलायलाही ती थांबली नव्हती. तिचा बेत साधा होता. साफ केलेली गाणी पुसून टाकायची आणि मूळ गाणी, खरखरीसकट, स्पीकरवर मोठ्याने लावायची. जे जिथून काढलं ते तिथे परत जाईल. बाईंना काय सांगायचं ते नंतर बघू. आपली हाक बाबांपर्यंत पुन्हा पोचली पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

तिने गाणी पुसली. बाबांच्या खुर्चीत बसली. मूळ गाणं लावलं.

खरखरीने खोली भरली. मग आत्या गाऊ लागली. खारू कान टवकारून श्वास शोधत राहिली, आणि तिला तो खरखरीत सापडला नाही. मूळ गाण्यातसुद्धा आता ती जागा रिकामी होती.

तेव्हा तिच्या डाव्या खांद्यावर एक बोट टेकलं.

ती किंचाळली असेल. तिचं तिलाही कळलं नाही, बरणीत किंचाळी फार लांब जात नाही. उठायला तिने हात टेकले, आणि ते बोट पुन्हा लागलं, सावकाश, रागाने नव्हे, ती स्वतः बाबांना जसं लावायची तसं. थांब. इथे काहीतरी टोचतंय.

इतक्या भीतीतही तिच्या कानांनी ती जागा शोधली. खरंच होतं. त्या ओळीत, अगदी तळाशी, एक बारीक काच होती. तिचा हात आपोआप बटणाकडे गेला. काच निघाली. ओळ अशी उघडली की तिच्या अंगावर काटा आला, आणि तो काटा भीतीचाच होता असं तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

पंजा टेकला. गार, हलका. चल पुढे.

आता उठेन, ती मनाशी म्हणाली. ही ओळ झाली की उठेन. मग पुढची ओळ आली. तिलाही कोणीतरी कधीच ऐकू न आलेलं दाखवत होतं, आणि तिला ते कळत होतं. जन्मात पहिल्यांदा तिच्यापेक्षा चांगलं ऐकणारं कोणी तिच्या मागे उभं होतं.

टेबलावरचा कॉम्प्युटरचा दुसरा पडदा बंद होता. त्याच्या काळ्या काचेत मागचं दार उघडलं. बाबा दारात उभे होते, दोन्ही हात कानांवर दाबून, कपाळाला आठ्या. खरखर त्यांना सहन होत नव्हती. सगळी, अगदी टोकापर्यंतची, त्यांना ऐकू येत होती. मागे आई होती. दोघांची तोंडं हलत होती. आईच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, म्हणजे ती ओरडत असावी.

खारूला गाणं ऐकू येत होतं. बाकी काही नाही.

काचेत तिला स्वतःचा चेहराही दिसला. डावीकडे कोणी नव्हतं. फक्त शाळेच्या सदऱ्याचं कापड त्या खांद्यावर दबलेलं होतं, आणि त्याला बोटाबोटाच्या खाचा पडल्या होत्या.

बाबा धावत पुढे आले. त्यांचा हात तिच्या उजव्या खांद्यावर पडला, जड, गरम. ते तिला हाक मारत होते. त्या हातातून तिला त्यांच्या आवाजाची धडधड लागत होती, शब्द लागत नव्हते. तिने वळायचं ठरवलं. खरंच ठरवलं.

डाव्या खांद्यावर एक बोट टेकलं, थांब म्हणून, आणि ती थांबली.